पेटीसाठी पाट

"तिला कशाला विचारायचं, मेस्त्री? पाट कापतो, आत बसवतो, वरून झाकण ठोकतो. आतलं कुणाला दिसतंय?"

हे काही रेवतीच्या कानांसाठी नव्हतं. पण खाडीकाठच्या त्या शेडची भिंत झावळ्यांची, आणि रेवती चहाची किटली घेऊन नेमकी भिंतीपलीकडे पोचलेली.

ती थांबली. लग्नाला दोनच महिने झाले होते, पण तेवढ्यात तिला एक समजलं होतं. सासरच्या माणसांना हाक मारण्याआधी जरा थांबलं, की पुष्कळ कळतं.

झावळ्यांच्या फटीतून सगळं दिसत होतं. तिचा नवरा गौरेश उकिडवा बसलेला. समोर त्याने स्वतः केलेली प्लायची पेटी, गाडीच्या डिकीत ठेवायच्या मोठ्या स्पीकरची. ही चौथी. आधीच्या तिन्हींनी दम धरला नव्हता. आणि ओंडक्यावर लवू मेस्त्री, पन्नास वर्षं होड्या बांधलेले. गावात आता होड्या फायबरच्या येतात. मेस्त्रींकडे येतो तो गौरेश.

पेटीशेजारी गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. एक पाय बाहेर डोकावत होता.

रेवतीने पाय ओळखला.

फणसाचा पाट, तिच्या रुखवतातला. तिच्या बाबांनी, म्हणजे जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने, परसात पडलेल्या फणसाचा आपल्या हाताने केलेला. एक पाय आखूड. रुखवत मांडताना मावशीने त्या पायाखाली पत्रिकेची घडी सरकवली, तर बाबांनी ती हळूच काढून घेतली. "असू दे. आहे तसा आहे."

सासरी जेवण टेबलावर. आल्या दिवसापासून पाट भिंतीला टेकून उभा. त्यावर अजून कुणी बसलं नव्हतं.

मेस्त्रींनी पेटीकडे बोट केलं. "वाजव," एवढंच म्हणाले.

गौरेशने गाडीतून ओढलेली वायर जोडली. पेटी घुमली. जमिनीवरचा भुसा नाचायला लागला. मागून कुठूनतरी फर्र फर्र असा आवाजही येत होता.

"हात ठेव तिच्या कुशीवर. काय होतंय?"

"थरथरतेय."

"म्हणजे पेटी गातेय. गायचं कुणी?"

"स्पीकरने."

"मग हिला गप्प कर."

"त्यासाठीच तर आत आडवं लाकूड हवंय! दोन्ही बाजू धरून ठेवणारं. तुम्ही होडीत फासळ्या घालता तसं. आणि पाट बघा, पाय कापले की बरोब्बर मापाचा. एका सुताचा फरक नाही."

म्हणजे मोजूनही झाला होता. ती आंघोळीला गेलेली असताना, बहुतेक.

"हं," मेस्त्री म्हणाले. "आणि ते फर्र?"

"सांध्यातून हवा जातेय. पण कशी? सिलिकॉनची अख्खी ट्यूब थापलीय मी."

थापली होती खरी. श्रीखंडासारखी.

"बाहेरून?"

"बाहेरून."

"होडीत पाणी बाहेरून घुसतं, म्हणून तिचे सांधे बाहेरून भरायचे. हिच्यात हवा आतून धक्का मारते. मग हिचे कुठून भरशील?"

"…आतून."

"मग बाहेरून का भरलेस?"

गौरेशने कान खाजवला.

"बाहेरून दिसतं म्हणून."

मेस्त्री उठले. कोनाड्यातल्या गणपतीपुढची उदबत्ती उचलून त्यांनी ती पेटीच्या सांध्यांवरून सावकाश फिरवली. धूर सरळ चालला होता. मागच्या कोपऱ्यात थरथरला.

"इथे."

गौरेशने पेन्सिलीने खूण केली.

वायर आत जाते त्या भोकापाशी धूर पुन्हा थरथरला.

"इथे."

दुसरी खूण.

"गाणं बंद कर आता. झाले सांधे?"

"झाले."

"एक राहिला."

मेस्त्रींनी उदबत्ती गौरेशच्या ओठांसमोर धरली.

"मघाशी काय म्हणालास? परत बोल."

"काय?… तिला कशाला विचारायचं…"

धूर मधेच मोडला.

"इथे," मेस्त्री म्हणाले.

भिंतीपलीकडे रेवतीने किटलीचं झाकण घट्ट दाबून धरलं. हसण्याने ते वाजलं असतं.

"मेस्त्री, हा श्वास आहे. कुणाच्याही तोंडापुढे धूर हलणारच."

"हलणारच," मेस्त्रींनी मान्य केलं. उदबत्ती मात्र हलवली नाही.

खाडीवरून एक बगळा गेला.

"विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?" गौरेश म्हणाला.

"दुसरं लाकूड देईन मी. ढीग पडलाय."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर काप. त्यात घाबरण्यासारखं काय?"

"तुम्हाला माहीत नाही हो ती. बोलत नाही. नुसती बघते." गौरेशचा आवाज खाली आला. "हो म्हणेल, आणि मग गाडीत गाणं लागलं की दर वेळी तशीच बघेल. मला नाही जमायचं ते. नवी आहे अजून. मला… तिला इथे बरं वाटायला हवंय."

रेवतीचं हसू जागच्या जागी राहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

मेस्त्रींनी भिंतीकडे न बघताच हाक दिली. "बाय, चहा निवतोय गो. ये आत."

ती आत आली. गौरेश उठला, बसला, पुन्हा उठला. पायाने गोणपाट पुढे सरकवून पाहिलं. पाटाचा एक पाय झाकला, तर दुसरा उघडा पडला. शेवटी त्याने तो नाद सोडला.

रेवतीने तीन कप भरले. मेस्त्रींच्या हातात एक दिला, गौरेशच्या हातात एक.

गौरेशने कप खाली ठेवला.

"रेवती… बाबांचा पाट. मी तुला न विचारता आणला. पेटीच्या आत बसवायला कापू का?"

तिने गोणपाट सोडलं. पाट जमिनीवर मांडला. तो नेहमीसारखा एका अंगाला कलला. तिने तळव्याने दाबला, तसा दुसऱ्या अंगाला आला.

टक. टक.

मेस्त्रींचा कप ओठांपाशी थांबला.

"हो म्हण, नाहीतर नाही म्हण," गौरेश म्हणाला. "पण बघत नको बसू, बाई."

तिने पदराने पाटावरचा भुसा पुसला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग दोघांकडे पाहिलं.

"मेस्त्रीआजोबा, तुम्हीही जेवायला या आज. दोघांनीही आळीपाळीने याच पाटावर बसायचं," ती म्हणाली. "जेवून उठलात, की मग विचारा."