गिरजाची अंथरी

एका टेकडीवरच्या गावात गिरजा नावाची माळीण राहत होती. तिच्या जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच. चुलीवरचा भात शिजेपर्यंत ती दहादा झाकण काढून बघायची.

त्या वर्षी तिच्या घरी येसू ही नवी सून आली, आणि येसूच्या माहेरून अंथरीची रोपं आली. अंथरी म्हणजे जमिनीला बिलगून चटईसारखं पसरणारं झाड. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं आणि मोसमात जांभळ्या फुलांनी झाकून जातं. गिरजाच्या बागेची कड उताराला असल्यामुळे पावसात ढासळायची. अंथरी ती माती धरून ठेवील, म्हणून विहीणबाईंनी मुद्दाम धाडली होती.

गिरजाने रोपं हौसेने कडेला लावली. पण चार दिवस गेले नाहीत तोच मूळ धरलं का ते पाहायला एक उपटलं आणि पुन्हा खोचलं. मग ऊन जास्त वाटलं म्हणून सगळी सावलीत हलवली. तिथे ओल वाटली म्हणून परत उन्हात आणली. एकेक रोप वाळत गेलं.

सुनेचंही तसंच. करमतं का, म्हणून गिरजा उठता-बसता विचारी. आज चूल तिच्या हाती दिली, तर भाकरी जाड झाली म्हणून उद्या काढून घेतली. बागेत पाठवलं, तर लगेच हाक मारून परत बोलावलं. येसू गप्प होत गेली. तिचं जेवण कमी झालं. एक दिवस तिने हळूच विचारलं, माहेरी जाऊ का. ही गेली तर परत यायची नाही, हे गिरजाला त्या आवाजावरूनच कळलं.

ती तशीच उठून बागेत गेली आणि सवयीने अंथरीच्या उरलेल्या एकुलत्या रोपाला हात घातला. मागोमाग आलेल्या येसूने तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, तिची मातीशी ओळख तरी होऊ द्या."

सुनेने सासूचा हात धरावा, याचा गिरजाला राग यायला हवा होता. पण येसूचे डोळे भरून आले होते. गिरजाने हात मागे घेतला.

"राहा बाई," ती म्हणाली. "आता नाही मी विचारायची."

येसू राहिली. गिरजाला ते दिवस फार जड गेले. हात शिवशिवले की ती लांबच्या वाफ्यातलं तण काढत बसे. भाकरी करपली तरी मुकाट खाई. अंथरी पहिलं वर्ष होती तेवढीच राहिली. पुढच्या पावसाळ्यात मात्र ती कडेकडेने पसरत गेली, आणि जिथवर पसरली तिथवरची माती जागची हलली नाही.

थंडी सरता सरता फुलं आली. गिरजा बघायला वाकली, तोच येसू घरातून करड्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, पाय मागं घ्या. माझी फुलं तुडवाल."

गिरजा निमूट मागे सरली. सून 'माझी' म्हणाली, हे मात्र तिने त्या दिवशी सगळ्या आळीत घरोघर जाऊन सांगितलं.

तात्पर्य: जीव लावावा, पण रुजायला उसंतही द्यावी. उपटून पाहणाऱ्याच्या हाती मूळ लागतं, झाड लागत नाही.