टप टप नळ आणि मुंगीचा गूळ

“आबा, गोष्ट! आबा, गोष्ट!” चहासुद्धा सुखानं पिऊ देत नाहीत. बरं, बसा. तोंडातलं बोट काढा. एकदाच सांगणार.

एक होती मुंगी. तिला सापडला गुळाचा खडा. हरभऱ्याएवढा!
ती ओढायला लागली. तेवढ्यात वरून नळ गळला. टप टप! टप टप!
मोरीत झालं तळं. मुंगी वाहत गेली कडेला. गूळ राहिला मधे. लागला विरघळायला.

मुंगी निघाली तुरू तुरू.

“नळा, नळा, थांब रे. गूळ मिळेना.”
नळ म्हणाला, “माझी आतली चकती झिजली. सायकलची ट्यूब रबर देईल, तर मी थांबेन.”

मुंगी निघाली तुरू तुरू. जुनी ट्यूब खिळ्याला लोंबत होती.
“ट्यूबताई, रबर दे. नळ थांबेना, गूळ मिळेना.”
ट्यूब म्हणाली, “कात्री कापेल, तर मी देईन.”

मुंगी निघाली तुरू तुरू.
“कात्रीबाई, ट्यूब काप. ट्यूब रबर देईना, नळ थांबेना, गूळ मिळेना.”
कात्री म्हणाली, “मी गंजले. तोंड उघडत नाही. तेल ओघळेल, तर मी कापीन.”

मुंगी निघाली तुरू तुरू.
“तेला, तेला, ओघळ रे. कात्री कापेना, ट्यूब रबर देईना, नळ थांबेना, गूळ मिळेना.”
तेल बाटलीतून म्हणालं, “बूच घट्ट आहे. आबा काढतील, तर मी ओघळेन.”

गूळ झाला मुगाएवढा.

मुंगी निघाली तुरू तुरू.
“आबा, आबा, बूच काढा. तेल ओघळेना, कात्री कापेना, ट्यूब रबर देईना, नळ थांबेना, गूळ मिळेना.”
आबा खेकसले, “बूच दिसायला नको? दिवसाढवळ्या बल्ब लावलाय, तरी अंधार! आणि नळाचं नाव काढू नकोस. आमचा रंगनाथ म्हणतो, आबाच नळ उघडा टाकतात! जा, खिडकी उजेड देईल, तर काढीन.”

मुंगी निघाली तुरू तुरू.
“खिडकीमावशी, उजेड दे. आबा बूच काढेनात, तेल ओघळेना, कात्री कापेना, ट्यूब रबर देईना, नळ थांबेना, गूळ मिळेना.”
खिडकी म्हणाली, “काचेवर धूळ किती! फडका पुसेल, तर मी देईन.”

मुंगी निघाली तुरू तुरू.
“फडक्या, फडक्या, काच पूस. खिडकी उजेड देईना, आबा बूच काढेनात, तेल ओघळेना, कात्री कापेना, ट्यूब रबर देईना, नळ थांबेना, गूळ मिळेना.”
फडका म्हणाला, “मी कोरडाठाक. कोरड्यानं धूळ निघत नाही, नुसती फिरते. पाणी मिळेल, तर मी पुसेन.”

मुंगी मटकन बसली. आता पाणी कुठून आणू?
टप टप! टप टप!
“पाणी? अरे, माझ्या गुळाभोवती पाणीच पाणी! चल!”

फडका आला. तळ्यात लोळला. सगळं पाणी प्याला. गट्ट!
पण नळ गळतच होता. तळं पुन्हा भरायला लागलं.
“पळ रे, पळ!” मुंगी ओरडली.

फडक्यानं काच पुसली, सर्र सर्र.
खिडकीनं उजेड दिला, लख्ख!
आबांनी बल्ब बंद केला, खट्.
आबांनी बूच काढलं, फट्.
तेल ओघळलं, टिप टिप.
कात्री चालली, कच कच.
ट्यूबनं रबर दिलं, गोल गोल चकती.
आबांनी आधी टाकीचा कॉक बंद केला. ते विसरलं की कपड्यांसकट आंघोळ! मग नळ खोलला. जुनी चकती काढली, नवी घातली. पान्यानं आवळला, कर्र कर्र. कॉक उघडला.

सगळ्यांनी कान दिला.
टप नाही. टिप नाही. नळ गप्प!

मुंगी धावली. गूळ उरला होता मोहरीएवढा.
मुंगीचं तोंड एवढंसं झालं.
आबा म्हणाले, “नळ आमचा. नुकसान आम्हीच भरणार.” डबा उघडला आणि नवा खडा दिला. हरभऱ्याएवढा!
मुंगीनं तो घरी नेला. तुरू तुरू, तुरू तुरू.

मुंगीला मिळायचं ते मिळालं. आबांचं अजून राहिलंय. नळ कुणी उघडा टाकला नव्हता, चकती झिजली होती. सगळ्या घराला कळलं. तरी “चुकलो, आबा” एवढं एक जण अजून म्हणालेला नाही.
कोण? तुमचा बाप, रंगनाथ!