करंजतळ्याची पाठमोरी पंगत

करंजतळ्यात शिरताना टेकाडावर गढी दिसते. तिच्या दरवाजाशी अलीकडेच रंगवलेला फलक आहे: 'थोरल्या दुष्काळात गढीच्या धन्यांनी येथे अन्नछत्र चालवून गाव जगवले.' येणारी माणसं फलक वाचतात, त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढतात. देवळाचे गुरव भिवाजी तेवढा वेळ थांबतात आणि मग म्हणतात, "झालं वाचून? आता खाली चला. त्या छत्रात कोण काय जेवलं, ते खाली कळतं."

खाली, गढीच्या पायथ्याला, काळा सपाट कातळ आहे. त्यावर तीन दगडांची चूल आणि तिच्या शेजारी चिंचोके कुटून कुटून पडलेला ओंजळीएवढा खळगा. दर वर्षी चैत्राच्या अमावास्येला सगळं गाव इथे जेवतं. जेवण म्हणजे हुलग्याचं पातळ माडगं, तेही बिनगुळाचं. पंगत बसते ती गढीकडे पाठ करून. चुलीजवळच्या पहिल्या जागेवर कुणी बसत नाही. तिथे मातीचा एक वाडगा उपडा ठेवलेला असतो.

तो वाडगा कुणाचा, असं कुणी विचारलं की भिवाजी धुरपाची गोष्ट सांगतात.

त्या दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं, असं सांगतात. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यात गुरांची हाडं अडकली होती. ज्यांच्या पायात बळ होतं, ते नदीकाठच्या मुलखात कामाला निघून गेले. धुरपाचा मुलगा म्हस्कू त्यांत होता. त्याची बायको साळू एकोणीस वर्षांची, तापातून नुकती उठलेली. तिला एवढी वाट चालवणार नव्हती. निघताना म्हस्कू आईला म्हणाला, "मी येईस्तोवर हिला जगीव, आई. दुसरं काय बी मागत न्हाई तुझ्याकडं."

धुरपानं चुलीवर हात ठेवून शब्द दिला. देवळात जायला तिला वेळ नव्हता, आणि तिच्या लेखी चूल देवळापेक्षा कमी नव्हती.

पुढे गढीनं आपलं पेव उघडलं. जमिनीत पुरलेलं ते धान्य गावाच्याच शेतांतून गढीत गेलेलं होतं, ही गोष्ट फलकावर नाही. दर आठ दिवसांनी एक पोतं हुलगा खाली येऊ लागला. खाणारी तोंडं ऐंशीच्या वर. एवढ्याशा हुलग्यात एवढी माणसं निभावून नेणारी बाई गावात एकच होती, म्हणून वाढायचा डाव धुरपाच्या हाती आला.

गरिबीत स्वयंपाक कसा करायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हुलगा ती भाजायची, फोलपटासकट दळायची. चिंचोके भाजून, भिजवून कातळावर कुटायची आणि त्या पिठाची माडग्याला जोड द्यायची. विहिरीच्या ओलीला घोळाच्या भाजीची चार पानं उगवली, तर ती चिरून टाकायची. देठ दुसऱ्या दिवसासाठी राखायची. पोतं रिकामं झालं की ते उलटं करून पाण्यात चुबकायची आणि ते पाणी हंड्यात ओतायची. मीठ संपलं तेव्हा तिनं आपल्या सासूच्या वेळचं लोणच्याचं मडकं फोडलं. पन्नास वर्षांचं मीठ त्या मातीत मुरलं होतं. त्या खापऱ्या तिनं महिनाभर माडग्यात उकळल्या, रोज दोन.

दादबा म्हणून एक म्हातारा होता. तो वाडगा नाकाशी नेऊन म्हणायचा, "धुरपाक्का, आज माडगं लई दाट झालंय. तळ दिसाया लागला."

"तळ दिसला म्हंजी वाडगा फुटका न्हाई, एवढं तरी कळलं," धुरपा म्हणायची. "प्या गुमान."

लोक हसायचे. हसायला जीव लागतो, आणि तेव्हा अजून थोडा उरला होता.

तिनं एक रीत घातली. प्रत्येकाला एक डाव मिळणार. सगळ्यांचं झालं की हंड्यात आठ-दहा डाव उरायचे. ज्याला उभं राहवत नाही, त्यानं वाडगा पुढे करायचा. ज्याचं भागलं, त्यानं वाडगा उपडा घालायचा. धुरपा डाव घेऊन पंगतीवरून फिरे, ती खाली बघत फिरे. सुलटा वाडगा दिसला की थांबायचं, उपडा दिसला की पुढे जायचं. चेहऱ्यांकडे बघितलं तर हात थरथरतो, डाव सांडतो, असं ती म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं.

साळू चुलीजवळ पहिल्या जागेवर बसायची. स्वयंपाकिणीच्या घरचं माणूस म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्या वाडग्यावर असत. तो वाडगा रोज सगळ्यांत आधी उपडा पडायचा.

"पोट भरलं व्हय गं?" धुरपा विचारायची, डाव हलवता हलवता.

"भरलं, आत्याबाई."

आणि धुरपाला बरं वाटायचं. आपली सून घरंदाज निघाली, असं वाटायचं. या गावावर आलेल्या सगळ्या आपत्तींत ते बरं वाटणं सगळ्यांत वाईट होतं, असं भिवाजी सांगतात.

मग एक दिवस गढीचा कारभारी रंगोबा खाली आला. वरून धन्याच्या कानावर गेलं होतं की लोक या अन्नाला 'धुरपाचं माडगं' म्हणतात. धन्याला ते लागलं. रंगोबानं हुकूम ऐकवला. उद्यापासून पंगत गढीकडे तोंड करून बसेल. पहिला घास घेण्याआधी सगळे मोठ्यानं म्हणतील, 'धन्यानं दिलं, आम्ही जगलो.' आणि हंड्यातले पहिले सात डाव धन्याच्या नावानं घागरीत काढून वर पाठवायचे.

"धनी माडगं पितात?" दादबानं विचारलं.

"मान म्हणून," रंगोबा म्हणाला. "पिण्याचा प्रश्न न्हाई."

पिण्याचा प्रश्न नव्हताच. घागर वर नेणारी माणसं परत येऊन सांगत, की ती घोड्याच्या पुढ्यात रिती होते.

दादबानं धुरपाकडे बघितलं. धुरपा म्हणाली, "बोला की. खायला तोंड उघडतंच, त्यात दोन शब्द जास्त." तिनं डोक्यात हिशेब केला होता. सात डाव वर गेले की मागे उरायचे एक-दोन, फार तर तीन. पण हुकूम मोडला तर पोतंच येणार नव्हतं. तिनं म्हस्कूला शब्द दिला होता. साळूला जगवायचं, तर पोतं यायला हवं होतं.

ऐंशी माणसं गढीकडे तोंड करून रोज बोलू लागली. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. आवाज कमी पडला की रंगोबा पुन्हा म्हणायला लावायचा. पंधराव्या दिवशी दादबा 'धन्यानं दिलं' एवढं म्हणाला आणि पुढचं म्हणायचं राहिलं. त्याच्या वाडग्यातलं माडगं शेजारच्या दोघांनी वाटून घेतलं. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी साळू सकाळी उठली नाही. धुरपा तिला बसती करायला गेली, काखेत हात घातले आणि तशीच थांबली. लुगड्याच्या आत माणूस उरलं नव्हतं. सुनेला तिनं कित्येक दिवसांत हात लावला नव्हता. रोज ती वाडगाच बघत होती.

"तू एकदा बी दुसरा डाव घेतला न्हाईस," धुरपा म्हणाली. ती विचारत नव्हती.

"लोक बघत व्हते," साळू म्हणाली. मग म्हणाली, "आन् उपडा वाडगा दिसला की तुमास्नी बरं वाटायचं, आत्याबाई."

दुपारी ती गेली.

धुरपा रडली की नाही, हे कुणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच की दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कातळावर आली, चूल पेटवली, माडगं केलं. पहिल्या जागेवर साळूचा वाडगा तिनं उपडा ठेवला. रंगोबा घागर घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे न बघता पंगतीला सांगितलं, "उठा. फिरून बसा. पाठी गढीकडं करा."

कुणी हललं नाही. मग एक बाई हलली, मग तिच्या शेजारचा, आणि हळूहळू सगळी पंगत फिरली. फिरायलाही त्यांना वेळ लागत होता.

"आभार मानायचं व्हय?" धुरपा म्हणाली. "माना. पन कुनाचं, ते मी सांगते. आपल्या आदी जो बसलाय त्याच्याकडं बघा. वाडग्याकडं नगं, तोंडाकडं बघा. त्यानं दुसरा डाव मागितला न्हाई, म्हनून तुमाला पहिला मिळाला. त्याचं माना. आपल्या पेवातलं आपल्याला देनाऱ्याचं कसलं मानता?"

रंगोबानं घागर पुढे केली. धुरपानं ती हातानं बाजूला सारली. त्या दिवशी ते सात डाव सात माणसांच्या पोटात गेले.

ही आख्यायिका इथेच संपली असती, तर ऐकणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण गावातली माणसं ती इथे संपवत नाहीत, कारण गोष्ट इथे संपली नव्हती. पुढच्या आठवड्यात पोतं आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. धुरपानं उरलेल्या चिंचोक्यांवर, हंड्याच्या बुडाच्या खरवडीवर, त्याच त्या धुतलेल्या खापऱ्यांवर दिवस काढले. लोक तिच्या तोंडावर म्हणाले, "तुझी सून गेली म्हनून आमचं तोंड बांधलंस." ते बरोबर बोलत होते, की हुकूम पाळूनही मेलेच असते, याचा निवाडा तेव्हा झाला नाही, आणि आजही झालेला नाही. ती कुटत राहायची. कातळावरचा तो खळगा त्या दिवसांत एवढा खोल पडला, असं म्हणतात.

तरीही रोज, जेवढे खाली येऊ शकत तेवढे येत, पाठमोरे बसत आणि आपल्या आधीच्याच्या तोंडाकडे बघून म्हणत, "तू मागितलं न्हाईस, म्हनून मला मिळालं." कधी कधी मिळालेलं म्हणजे कोमट, खारट पाणीच असायचं. तरी म्हणत. आधीची माणसं कमी होत गेली, तसा ज्याच्या आधी कुणी उरलं नाही, तो उपड्या वाडग्याकडे बघून म्हणायचा.

वैशाखात गढीचा धनी मागच्या दरवाजानं निघून गेला. पेवात राहिलेलं गाड्यांवर लादून नेलं. गाड्या किती होत्या, यावर वाद आहेत. पेव रिकामं नव्हतं, यावर नाही. घोडाही नेला. रंगोबाला राखणीला ठेवलं. राखायला काय होतं, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी तो कातळावर आला. गावातले उरलेले लोक तोवर खाली येण्याच्या पलीकडे गेले होते. धुरपानं घरोघरी जाऊन त्यांच्या तोंडात दोन-दोन घोट घातले होते, आणि हंड्यात एक डाव राहिला होता. तो तिचा स्वतःचा होता. रंगोबा हातात चांदीची वाटी घेऊन उभा राहिला. दुसरं भांडं त्याच्याजवळ नसावं.

"बस," धुरपा म्हणाली.

तो चुलीजवळ बसायला गेला.

"तितं नगं. ती जागा भरलीया."

तो उपड्या वाडग्याच्या पलीकडे बसला. सवयीनं गढीकडे तोंड करून बसला. धुरपानं त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवलं. मग हंडा कलता करून तो डाव त्याच्या वाटीत घातला.

रंगोबानं वाटी तोंडाशी नेली आणि थांबला. "कुनाचं नाव घेऊ?" तो म्हणाला.

धुरपानं उपड्या वाडग्याकडे बोट केलं. "तिचं. तिनं मागितलं न्हाई."

तिनं त्याला का वाढलं, यावरून गावात अजून भांडणं होतात. माफ केलं, असं बाहेरचे शहाणे लोक म्हणतात. गावाला ते पटत नाही. माफी मागायला तो आला नव्हता आणि द्यायला ती बसली नव्हती. समोर उपाशी माणूस होता आणि हातात डाव होता, एवढंच भिवाजी सांगतात. त्यानंतर दोन दिवसांनी धुरपा चुलीपाशी कलंडलेली सापडली. पाऊस आला तेव्हा करंजतळ्यात बावीस माणसं उरली होती. त्यांत रंगोबा होता. पुढे अमावास्येची पंगत त्यानंच घातली आणि मरेपर्यंत ती वाढली, असं म्हणतात. म्हस्कू परत आल्याचं कुणी सांगत नाही.

मागे एकदा एक पुढारी या पंगतीला आला होता. त्याला वर फलकाशी उभं राहून फोटो काढायचा होता, तेव्हा सगळ्यांनी फिरून गढीकडे तोंड करून बसावं, असं त्याचं म्हणणं पडलं. एकही माणूस फिरला नाही. त्याला फोटोत गावाच्या पाठी मिळाल्या.

आजही चैत्राच्या अमावास्येला लोक पाठमोरे बसतात, आपल्या आधीच्याकडे बघून तेच शब्द म्हणतात आणि पातळ माडगं पितात. आजही करंजतळ्यात कुणाच्याही घरी पाहुण्यानं 'पुरे' म्हणून वाडगा उपडा घातला, तर वाढणारी पुढे जात नाही. ती खाली बसते, वाडगा आपल्या हातानं सुलटा करते, त्याच्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा विचारते. चुलीजवळच्या पहिल्या वाडग्याला मात्र कुणी हात लावत नाही. तो सुलटा करायची वेळ निघून गेली आहे.