दगडाचं पांघरूण

काळ्याभोर दगडांच्या एका नदीकाठी शेवंती नावाची मुलगी राहायची. झोपडीत तिची आई आठ दिवस तापाने पडून होती. आईच्या पोटात काही ऊन ऊन जावं म्हणून शेवंती कालवणापुरत्या मुऱ्या धरायला आली होती. मुरी म्हणजे बोटाएवढी मासोळी. अंगावर तपकिरी नक्षी, ओठांना इवल्या इवल्या मिशा. दिवसभर ती नदीच्या तळाशी, दगडाखाली निजून असते.

शेवंती एकेक दगड उचलून बघे आणि होता तसाच, शेवाळाची बाजू वर करून, परत ठेवी. आईनेच तसं शिकवलं होतं.

"दगडांना पांघरूण घालतेस का गं?" शेजारची रखमा हसली. तिने उलटेपालटे टाकलेले दगड काठाने वाळत पडले होते, पण टोपली भरली होती.

"त्यांचं घर आहे ते," शेवंती हळूच म्हणाली. तिची टोपली रिकामीच होती.

रखमा निघून गेली. शेवंतीने शेवटचा दगड उचलला, आणि खालची वाळू सोन्यासारखी झळाळली! तिथे अंगठ्याएवढी परी बसली होती. पंख नितळ, त्यांवर तपकिरी ठिपके, आणि ओठांवर अगदी मुरीसारख्या मिशा.

शेवंतीला हसू आलं. परीलाही आलं.

"रोज आमची छपरं नीट ठेवतेस. माग काहीतरी," परी म्हणाली. "पण ओंजळीत मावेल एवढंच हं! आणि घरापर्यंत एक थेंबही सांडायचा नाही. सांडलं, की मागणं संपलं."

"आईचा ताप उतरेल असं पाणी दे, परीबाई."

ओंजळीत चांदण्यासारखं पाणी चमकलं. शेवंती जपून जपून चालू लागली.

नदी बरीच मागे राहिली. वाटेत, रखमाने उलटवलेल्या दगडाशेजारी, पुराचं पाणी साचलेला एक खळगा आटत होता. त्यात मुरीची सुतासारखी सात पिल्लं तडफडत होती.

शेवंतीने झोपडीकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"आई, रागावू नकोस," ती पुटपुटली, आणि तिने ओंजळ खळग्यात सोडली. मग दगड उचलून, हिरवी बाजू वर करून, पिल्लांवर अलगद टेकवला.

बुडबुड, बुडबुड! दगडाखालून गारेगार झरा उसळला. त्यात परी उभी होती.

"ओंजळ रिकामी झाली, परीबाई."

"पण तू कुठे सांडलीस? तू तर दिलीस! आता हवं तेवढं पाणी ने."

परीचा प्रकाश झाला, प्रकाशाचे ठिपके झाले, आणि ते सात इवल्या पाठींवर जाऊन बसले.

शेवंतीने पुन्हा भरलेली ओंजळ आईच्या ओठांना लावली. आईचं कपाळ निवलं. ती उठून बसली.

"या पाण्याला दगडाखालचा वास येतोय," आई म्हणाली. "दगड होता तसा ठेवलास ना गं?"

"ठेवला, आई. पांघरूण घालून आले."