द्वारकामावशीचा तेरडा

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं हं! डोंगराच्या पायथ्याशी एवढीशी वाडी होती आणि वाडीच्या टोकाला एवढंसं कौलारू घर. त्यात दोघी बहिणी राहायच्या. थोरली सुंदराक्का आणि धाकटी द्वारकामावशी. धाकटी म्हणजे किती धाकटी? चांगली बासष्ट वर्षांची! चाळीस वर्षं तिनं खानावळीत भाकऱ्या थापल्या. ठप ठप ठप! तिच्या भाकरीला कधी चीर म्हणून गेली नाही. पण फूल? छे! आयुष्यात एक फूल तिनं उगवलं नव्हतं.

फुलं सगळी अक्काची. अक्काच्या परसात गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र तेरडा नुसता खुदुखुदु हसायचा. भाद्रपदात वाडीतल्या पाचही घरांच्या गौरी तिथूनच निघायच्या. मुळासकट तेरड्याचं रोप, त्याला हळदकुंकू, आणि मागे पोरींची गाणी! पण यंदा अक्काचे पाय गेले. ती अंथरुणाला खिळली. आषाढ लागला तशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "द्वारके, यंदा गौर यायची नाही गं आपल्या घरी."

"यायची नाही म्हणजे? मी लावते तेरडा!" मावशीनं पदर खोचला. "सांग, कसा लावायचा?"

"अगं, बी टाकलं की येतं. हाताला ठाऊक असतं ते. तोंडानं काय सांगू?"

झालं! मावशीनं डबीतलं बी घेतलं, पेरलं आणि वरून माती अशी थापली, अशी थापली की विचारू नका. ठप ठप ठप! वर रोज सकाळी बोटानं कडा उचलून बघायची, फुगली का... अहो, उगवलं का! आठ दिवस गेले. काही नाही. पुन्हा पेरलं, पुन्हा थापलं. पुन्हा काही नाही. डबीत उरल्या सात बिया. तेव्हा मात्र मावशीनं डबीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

त्या सकाळी पाण्याच्या बादलीत एक गुलाबी किडा गटांगळ्या खात होता. "अरे सोन्या, बुडशील की!" म्हणत मावशीनं त्याला बोटावर घेतलं, पदरानं हलकेच टिपलं. आणि काय सांगू! किड्याला फुटले चमचमते पंख, आणि बोटावर उभी राहिली इवलीशी परी. पाकळीचा परकर, केसांत दवाचे मणी, पायांत सोनेरी पैंजणं!

"मावशी, जीव वाचवलास माझा. एक वर माग," परी म्हणाली. "पण अट आहे हं. फुलं मागितलीस तर उद्याच परस फुलेल. मात्र त्या फुलांना बी धरणार नाही. एकदा कोमेजली की संपलं."

मावशीनं खिडकीतून अक्काकडे पाहिलं. उद्याच अक्का हसली असती! पण पुढच्या वर्षी? पाच घरच्या पोरी गौर न्यायला आल्या, तर त्यांना काय रिकामी माती द्यायची?

"फुलं नकोत गं बाळ," मावशी म्हणाली. "माझ्या हातांचं काय चुकतंय, तेवढं सांग."

"आणि या सात बियाही वाया गेल्या तर?"

"जात नाहीत! माझी पहिली भाकरीसुद्धा वेडीवाकडीच झाली होती."

परी खुदकन हसली. "मग सांग, भाकरी थापायच्या आधी परातीत काय करतेस?"

"काय म्हणजे? पीठ भुरभुरवते." आणि मावशी थबकली. "अगंबाई! मी आधीचं सोडून नंतरचंच करत बसले की! एवढ्याशा कोंबानं एवढं छप्पर फोडायचं तरी कसं?"

पंख मिटून परी डबीतल्या बियांत जाऊन लपली.

मावशीनं माती भुसभुशीत केली, पिठाच्या चाळणीनं चाळली. सात बिया ठेवल्या आणि वर चिमूट चिमूट माती भुरभुरवली. सवयीनं हात थापायला उठलाच, तो तिनं चटकन काखेत दाबला. कडा उचलून बघणंही बंद. सहाव्या दिवशी हिरवे हिरवे सात कोंब वर आले. एक, दोन, तीन... सातच्या सात!

भाद्रपदात पाच घरच्या गौरी निघाल्या. अक्काची खाट दारात आणली होती. तिनं मुळांवरून हात फिरवला. "द्वारके, कुणी शिकवलं गं तुला?"

"भाकरीनं!" मावशी म्हणाली. दोघी हसता हसता रडल्या.

उरलेली दोन रोपं बियांसाठी राखली होती. आश्विनात त्यांची बोंडं टपोरली. मावशीनं एकाला बोट लावलं. टप्! बिया उडाल्या आणि सोनेरी उजेडात परी तरंगू लागली.

"मावशी, तुझा वर शिल्लकच आहे. उत्तर तर तूच दिलंस!"

मावशीनं क्षणभरही विचार केला नाही. "मग माझ्या अक्काला या परसापर्यंत चालत येऊ दे."

लख्ख उजेड पडला, गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र. डोळे दिपले. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

तेवढ्यात मावशीच्या मागून आवाज आला, "अगं, बोंडं अशी उघड्यावर फोडतात का? ओंजळ धरावी खाली! सरक बघू."

मावशी गर्रकन वळली. अक्का उभी होती, स्वतःच्या पायांवर.