राणीच्या माहेरची तूर

एका राज्यात अशी रीत होती, की तुरीची पहिली मूठ नव्या सुनेने पेरायची आणि पेरताना धान्याला नावाने हाक मारायची. राजा वज्रसेनाची नवी राणी हेमांगी दूरदेशची. तिने माहेरच्या नावाने हाक मारली आणि सारा दरबार खो खो हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो राजा.

बांधावर एक मांत्रिक बसला होता. तो म्हणाला, "राजा, ज्या नावाला हसलास, त्याला मान देशील तेव्हाच तूर उगवेल. राणीची वाचाही तेव्हाच परतेल."

राणी मुकी झाली. नाव कुणालाच आठवेना, कारण हसणाऱ्याचे कान हसण्यातच असतात. राणीचे माहेर तर महापुराने कधीच पुसून टाकले होते.

राजकन्या शर्वाणी आईचा आवाज न ऐकताच वाढली. दासी आपल्या मुलांना हाका मारीत, तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐके. एके दिवशी तिने आपल्या बोलक्या पारव्याला तुरीचे ते हरवलेले नाव विचारले.

पारवा म्हणाला, "मी नुसता खातो, राजकन्ये. नावे माणसे ठेवतात. चल, त्यांनाच विचारू."

उत्तरेत जात्यावर राक्षसीण बसली होती. शर्वाणीने तिचे दळण दळले. राक्षसीण म्हणाली, "अरहर."

पूर्वेच्या तपोवनात तिने ऋषींचे पाणी भरले. ऋषी म्हणाले, "आढकी. आढक मापाने मोजत, म्हणून. कुणी तुवरी म्हणे, चव तुरट म्हणून."

"यात माझ्या आईचे माहेर आहे का, महाराज?"

"यात फक्त अर्थ आहे, बाळ."

दक्षिणेच्या काळ्या मातीत, कमरेपर्यंत दगड झालेली एक म्हातारी सूप धरून बसली होती. पुरातून तेवढीच उरली होती. शर्वाणीने तिचे धान्य पाखडून दिले. म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली.

"हेमांगीची ना गं तू? तोगरी म्हण, बाळ. शेंगा सोलताना ती हेच गुणगुणायची."

शर्वाणीने परतून आईच्या कानात ते नाव सांगितले. राणीचे डोळे वाहू लागले, पण शब्द फुटेना.

पारवा राजाला म्हणाला, "हसलात तुम्ही. मान तुम्हीच द्यायचा."

म्हाताऱ्या राजाने मुकुट उतरवला, अनवाणी शेतात जाऊन मूठ पेरली आणि हात जोडले. "तोगरी माये, चुकलो. ये."

बघता बघता शेत हिरवे झाले. तेव्हापासून त्या राज्यातली सून माहेरच्याच नावाने पेरते आणि कुणी हसत नाही.

पण शर्वाणीचे शेताकडे लक्षच नव्हते. राणी तिला म्हणत होती, "शर्वाणी, किती वाळलीस गं. चल, वरण शिजवते."

आपले नाव आईच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकले. ती बांधावर बसली आणि पोटभर रडली.