डबा तपासणी

“ती पोरगी जेवत का नाही, महाराज?”

इंगोलेबाईंनी पायरीवर चपला काढता काढताच विचारलं. वृद्ध धर्मगिरी महाराज मठाच्या ओसरीत घेवडा निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण पोरगी?”

“कावेरी. आमच्या शाळेत नववीला आहे. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नच नाही. महिना झाला, डबा आणत नाही. विचारलं तर म्हणते, भूक नाही.”

“घरून डबा देत नाहीत?”

“आई रोज बांधून देते. पोरगी तो वाटेत कुत्र्यांना घालते... काल कळलं.”

महाराजांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“शाळेत काय करता तुम्ही?”

आता बाईंना जरा हुरूप आला. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांनी याच एका गोष्टीसाठी जिवाचं रान केलं होतं.

“रोज मधल्या सुट्टीआधी डबा तपासणी. प्रत्येकाने झाकण उघडून डबा बाकावर ठेवायचा. भाजी, उसळ, कोशिंबीर असेल त्याला हिरवा ठिपका, नसेल त्याला लाल. भिंतीवर नावानिशी तक्ता लावलाय. चिप्सची पाकिटं तर शाळेतून हद्दपार झाली. दुसऱ्या शाळांची माणसं बघायला येतात.”

“छान.”

महाराज मनापासून म्हणाले. बाईंना बरं वाटलं.

“कावेरीचे ठिपके?”

“...लाल,” बाई म्हणाल्या. “सगळे. कोरडी भाकरी आणि तिखट, दुसरं काही नसायचं. पण तिच्या भल्यासाठीच, महाराज.”

“हं...”

दुपारची घंटा झाली. ओसरीत पंगत मांडली गेली. मठातली आठ-दहा माणसं येऊन बसली. बाईंनाही पान वाढायला निघाले, तर त्या म्हणाल्या, “मी डबा आणलाय,” आणि टोकाला बसून त्यांनी पिशवीतून डबा काढला.

महाराज उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

“उघड, लेकी. सगळ्यांना दिसू दे.”

पंगतीतले हात थांबले. सगळे डब्याकडे बघू लागले.

बाईंचा तळहात आपसूक झाकणावर गेला. पहाटेची एसटी गाठायची म्हणून रात्रीच्या दोन पोळ्या त्यांनी साखर भुरभुरून गुंडाळून घेतल्या होत्या, एवढंच. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण हात काही उचलेना. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचणारा आवाज तोंडातल्या तोंडात राहिला.

“राहू द्या, महाराज... मला भूक नाही.”

बोलून गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या झाकणाकडे बघत तशाच बसून राहिल्या.

मग महाराजांनी पंगतीला हाताने खूण केली. एकेक जण आपलं पान उचलून भिंतीकडे तोंड करून बसला. शेवटी महाराजही बाईंकडे पाठ करून खाली बसले.

“जेव, लेकी. कुणी बघत नाही.”